पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगावरील किरणोपचार

पुरःस्थ ग्रंथीच्या (प्रोस्टेटच्या) कर्करोगावरील किरणोपचार ही उच्च ऊर्जेच्या क्ष-किरणांनी किंवा किरणोत्सारी स्रोतांनी कर्कपेशी नष्ट करण्याची उपचारपद्धती आहे. बोलीभाषेत तिला ‘शेक’ किंवा ‘लाइट घेणे’ असेही म्हणतात. रोग ग्रंथीपुरता किंवा तिच्या आसपासच्या भागापुरता मर्यादित असताना शस्त्रक्रियेप्रमाणेच किरणोपचारानेही तो बरा होऊ शकतो. हा उपचार अनेक दिवस चालत असल्याने रुग्णालयापासून दूर राहणाऱ्या रुग्णांच्या दृष्टीने बैठकांच्या संख्येला विशेष महत्त्व आहे.

कार्यपद्धती

किरणांमुळे पेशीतील डीएनएचे धागे तुटतात. निरोगी पेशी ही हानी बऱ्याच अंशी भरून काढतात. कर्कपेशींना ते तितकेसे जमत नाही. म्हणून एकूण मात्रा लहान भागांत विभागून, साधारणतः आठवड्यातून पाच दिवस दिली जाते. मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. एका बैठकीस काही मिनिटे लागतात व त्या वेळी वेदना होत नाहीत.

बाह्य किरणोपचारात रेषीय त्वरक (लिनॅक) हे यंत्र वापरतात. उपचारापूर्वी सीटी स्कॅन करून ग्रंथी, मूत्राशय व गुदाशय यांचा नकाशा तयार केला जातो. मूत्राशय व गुदाशय किती भरलेले आहेत त्यानुसार ग्रंथीची जागा किंचित बदलते. त्यामुळे प्रत्येक बैठकीपूर्वी शौचास जाऊन यावे व ठरावीक पाणी पिऊन लघवी रोखून धरावी, अशी सूचना सामान्यतः दिली जाते. अंतःस्थ किरणोपचारात (ब्रॅकीथेरपीत) किरणोत्सारी स्रोत थेट ग्रंथीत ठेवला जातो. बाह्य किरणोपचार घेतलेल्या रुग्णाच्या शरीरात किरणोत्सार शिल्लक राहत नाही. त्याने नातवंडांना जवळ घेण्यात कोणताही धोका नसतो.

उपचाराची निवड

पीएसए या रक्तचाचणीतील पातळी, ग्लीसन गुणांक व गाठीची व्याप्ती यांवरून रोगाची जोखीम ठरते. कमी जोखमीच्या रोगात तातडीने उपचार न करता केवळ नियमित देखरेखही पुरेशी ठरू शकते. ब्रिटनमधील ‘प्रोटेक्ट’ चाचणीत १,६४३ पुरुषांची शस्त्रक्रिया, किरणोपचार व देखरेख अशा तीन गटांत विभागणी करण्यात आली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सुमारे १५ वर्षांनंतर तिन्ही गटांत या रोगाने झालेले मृत्यू सुमारे ३ टक्के किंवा त्याहून कमी होते. मध्यम व उच्च जोखमीच्या रोगात किरणोपचारासोबत पुरुषी संप्रेरक रोखणारी औषधे बहुधा दिली जातात.

टाटा स्मारक रुग्णालयातील संशोधन

उच्च जोखमीच्या रुग्णांत केवळ ग्रंथीवर किरण द्यावेत की ओटीपोटातील लसीका ग्रंथींवरही, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा होता. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने २०११ ते २०१७ या काळात २२४ रुग्णांवर ‘पॉप-आरटी’ ही चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनंतर पीएसए पुन्हा न वाढलेल्यांचे प्रमाण केवळ ग्रंथीवर किरण दिलेल्या गटात ८१.२ टक्के, तर लसीका ग्रंथींवरही किरण दिलेल्या गटात ९५ टक्के होते. एकूण आयुर्मानात मात्र तोपर्यंत ठळक फरक आढळला नाही. दोन्ही गटांना २५ बैठकांत उपचार देण्यात आला होता.

बैठकांची संख्या

पूर्वी या उपचारासाठी ३७ ते ३९ बैठका, म्हणजे सुमारे साडेसात आठवडे लागत. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्कपेशी सावकाश वाढतात व प्रत्येक बैठकीतील मोठ्या मात्रेस अधिक संवेदनशील असतात. त्यामुळे कमी बैठकांत मोठी मात्रा देणे शक्य झाले. ब्रिटनमधील ‘चिप’ चाचणीत २० बैठकांतील ६० ग्रे मात्रा ३७ बैठकांतील ७४ ग्रे मात्रेपेक्षा कमी परिणामकारक नसल्याचे २०१६ मध्ये दिसून आले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पेस-बी’ चाचणीत कमी व मध्यम जोखमीच्या रुग्णांना केवळ पाच बैठकांत दिलेल्या उपचाराचे यश नेहमीच्या उपचाराइतकेच होते. लघवीचे त्रास मात्र काहीसे अधिक आढळले.

कर्जत व खालापूर येथील रुग्ण

रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर तालुक्यांत हा फरक प्रवासात मोजला जातो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कर्जत स्थानक सुमारे १०० किमी व खोपोली सुमारे ११५ किमी अंतरावर आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जाण्यासाठी कर्जतहून लोकलने एका बाजूस सुमारे दोन तास लागतात. खोपोलीकडील व वाड्यापाड्यांवरील रुग्णांना त्याहून अधिक. उपनगरी लोकलमध्ये शौचालय नसते, आणि उपचाराच्या मध्यावर वारंवार लघवी होणे हा नेहमीचा त्रास असतो. ३७ ऐवजी २० बैठका झाल्यास असे १७ दिवसांचे येणे-जाणे वाचते.

त्याच जिल्ह्यात, पनवेल तालुक्यातील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राचे ‘ॲक्ट्रेक’ हे केंद्र आहे. तेथे किरणोपचाराची सोय असून चौकमार्गे पनवेलला जाणाऱ्या रस्त्याने ते परळपेक्षा जवळ पडते. मुंबईत राहून उपचार घेणाऱ्यांसाठी दादर येथील संत गाडगे महाराज धर्मशाळा व परळ येथील नाना पालकर स्मृती समिती निवासाची सोय करतात. राज्य शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील किरणोपचारांचा समावेश आहे.

दुष्परिणाम

उपचारादरम्यान थकवा, लघवीची जळजळ, वारंवार लघवी व पातळ शौच हे त्रास होऊ शकतात. ते बहुधा काही आठवड्यांत ओसरतात. काही रुग्णांना महिन्यांनी किंवा वर्षांनी गुदाशयातून रक्तस्राव, मूत्राशयाचे त्रास किंवा लैंगिक ताठरतेचा अभाव जाणवतो. ठरलेल्या बैठका मध्येच सोडल्यास उपचाराचा परिणाम कमी होऊ शकतो. त्यामुळे प्रवास, मुक्काम व सोबतीची व्यवस्था उपचार सुरू होण्यापूर्वीच ठरवणे आवश्यक असते. उपचारानंतर पीएसए चाचणी अनेक वर्षे नियमित करावी लागते.