आठ-दहा दिवसांनी परत या

कागदावर दोनच ओळी असतात. ‘गर्भाशयात एक जेस्टेशनल सॅक, सरासरी व्यास १८ मिमी. फीटल पोल दिसत नाही.’ खाली एखाद्या केंद्रात लिहितात ‘प्रोबेबल ब्लाइटेड ओव्हम’, तर एखाद्या केंद्रात ‘सजेस्ट रिपीट स्कॅन’. मोजमाप तेच, पण पहिला कागद घरी पोचेपर्यंत त्याचा अर्थ ‘पिशवी रिकामी आहे, साफ करावी लागेल’ असा झालेला असतो आणि दुसऱ्याचा ‘अजून सांगता येत नाही’ असा. १८ मिमीच्या बाबतीत विज्ञान दुसऱ्या कागदाच्या बाजूनं आहे. मात्र ते तसं ठामपणे बोलायला लागलं २०११ मध्ये. ग्लासगोच्या इयन डोनल्ड यांनी पोटाच्या सोनोग्राफीवरचा पहिला मोठा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये छापला होता १९५८ साली. म्हणजे मधे अर्धशतकाहून अधिक काळ गेला.

इतका वेळ का लागला, हे समजायला आधी गर्भाची वाढ पाहायला हवी. पाळीच्या तारखेपासून मोजलं तर साधारण पाच आठवड्यांना आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाची पिशवी दिसते. आणखी तीन-चार दिवसांत तिच्यात एक बारीक कडं दिसतं, ते योक सॅक. सहा आठवड्यांच्या आसपास त्या कड्याला चिकटून गर्भाचा अंकुर, म्हणजे फीटल पोल, दिसतो आणि त्यात ठोक्यांची फडफड. इथून पुढे गर्भ रोज जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. म्हणजे सोमवारी ज्या पिशवीत काहीच नव्हतं, तिच्यात पुढच्या सोमवारी ठोके असू शकतात. या एका आठवड्यात जेवढा फरक पडतो, तेवढा पुढच्या आठ महिन्यांत कुठल्याच आठवड्यात पडत नाही.

त्यात तारखेचा घोळ. आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, कारण तो दिवस बाईला आठवतो. बीज सुटल्याचा दिवस कुणालाच कळलेला नसतो. शाळू पेरला कधी हे न विचारता रान नांगरलं कधी त्यावरून पिकाचं वय सांगावं, तसा हा हिशेब आहे. पाळी २८ दिवसांनी येते आणि बीज चौदाव्या दिवशी सुटतं, असं धरून तो चालतो. समजा, सोलापूरजवळच्या कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतल्या एखाद्या विडी कामगार बाईची पाळी चाळीस दिवसांनी येते. तिचं बीज सव्विसाव्या दिवसाच्या आसपास सुटणार. तारखेनं तिला सात आठवडे, म्हणजे ४९ दिवस झाले, तेव्हा बीज सुटून २३ दिवसच झालेत. त्यात रूढीचे चौदा मिळवले की ३७, म्हणजे पाच आठवडे आणि दोन दिवस. या वयाला पिशवी लहान असते आणि तिच्यात काही दिसत नाही, हेच नॉर्मल. पण फाइलवर ‘सात आठवडे’ लिहिलेलं असलं की तोच नॉर्मल गर्भ ‘वाढ खुंटलेला’ ठरतो. पीसीओएस असलेल्या, गर्भनिरोधक गोळ्या नुकत्याच थांबवलेल्या, पाळी लिहून न ठेवणाऱ्या अशा सगळ्याच जणींना हे लागू आहे. बाळ अंगावर पीत असताना पाळी परत न येताच दिवस जातात, तिथे तर मोजायला तारीखच नसते.

तिसरी गोष्ट यंत्राची. पोटावरून सोनोग्राफी करताना ध्वनिलहरींची वारंवारिता साधारण ३.५ मेगाहर्ट्झ असते. शरीरात आवाज सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगानं जातो, म्हणजे एका लहरीची लांबी ०.४४ मिमी झाली. आतून सोनोग्राफी करताना वारंवारिता साधारण दुप्पट ठेवता येते, कारण प्रोब गर्भाशयाच्या जवळ असतो, आणि लहर ०.२२ मिमीवर येते. लहर जितकी आखूड, तितकं बारीक दिसतं. तीन-चार मिलिमीटरच्या गर्भातलं हृदय शोधताना हा फरक सोडून देण्यासारखा नाही. पोटावरची चरबी, मागे झुकलेलं गर्भाशय, घाईत लावलेला प्रोब यांनीही चित्र बिघडतं. आतून तपासणी नको म्हणणाऱ्या बायका पुष्कळ आहेत आणि त्यांचा संकोच समजण्यासारखा आहे. पण सहाव्या-सातव्या आठवड्यात केवळ पोटावरून पाहून ‘ठोके नाहीत’ हा निकाल देऊ नये, एवढं तरी त्यांना कुणी समजावून सांगायला हवं.

आता २०११. तोवर वेगवेगळ्या देशांच्या रेषा वेगवेगळ्या होत्या. अमेरिकेत १६ मिमीची पिशवी गर्भाविना दिसली, किंवा ५ मिमीच्या गर्भात ठोके नसले, की गर्भ गेला असं मानत. ब्रिटनमध्ये हे आकडे २० आणि ६ होते. या रेषा आल्या होत्या जुन्या, छोट्या अभ्यासांतून. काहींत जेमतेम काही डझन गर्भवती होत्या, आणि त्यांच्यात एकही चूक झाली नाही म्हणून रेष पक्की मानली गेली. संख्याशास्त्रात याला एक साधा उतारा आहे, तिनाचा नियम. पन्नास जणींत एकही चूक झाली नाही, तर खरी चूक शून्य टक्के आहे असं म्हणता येत नाही. तीन भागिले पन्नास, म्हणजे सहा टक्क्यांपर्यंत ती लपलेली असू शकते. वैद्यकातल्या अनेक ठाम वाक्यांच्या मागे अशी अर्धवट शून्यं उभी असतात, असं मला वाटतं.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे टॉम बोर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शून्याची परीक्षा घेतली. पहिल्या सोनोग्राफीत काहीच निश्चित सांगता येत नव्हतं, अशा १०६० गर्भवतींचा त्यांनी पाठपुरावा केला. १६ मिमीची रेष लावली असती तर चुकीच्या निदानाचं प्रमाण ४.४ टक्के निघालं असतं, २० मिमीला अर्धा टक्का. गर्भाच्या लांबीची ५ मिमीची रेष लावली तर ८.३ टक्के. २१ मिमीची पिशवी आणि ५.३ मिमीचा गर्भ यांच्यापुढे मात्र एकही चूक सापडली नाही.

मग नवी रेष २१ आणि ५.३ वर का आखली नाही? कारण त्याच सुमारास दुसऱ्या एका निबंधात मोजणाऱ्यांची परीक्षा झाली होती. एकच पिशवी दोन तज्ज्ञांनी मोजली. पहिल्याच्या हाती २० मिमी आलं, तर दुसऱ्याच्या हाती १६.८ पासून २४.५ पर्यंत काहीही येऊ शकतं. ६ मिमीचा गर्भ दुसऱ्याला ५.४ ते ६.७ चा वाटतो. दोघेही कुशल, यंत्रही चांगलं, तरीही. तेव्हा हातांमधल्या या फरकाला जागा ठेवून रेष २५ मिमी आणि ७ मिमीवर नेली गेली. ब्रिटननं ती लगेच स्वीकारली. २०१३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये बोस्टनचे पीटर डूबिले आणि सहकाऱ्यांनी तीच रेष मांडली आणि थांबण्याचे दिवसही सांगितले: पहिल्या वेळी योक सॅक दिसलं असेल तर निदान ११ दिवस, नुसती पिशवी दिसली असेल तर दोन आठवडे. तेवढ्या दिवसांनीही ठोके नाहीत, तरच ‘नाही’ म्हणायचं.

या आकड्यांमागे माणसंही होती. आयर्लंडच्या द्रोहेडा गावातल्या अवर लेडी ऑफ लूर्ड्झ रुग्णालयात २००९ मध्ये एका गर्भवतीला गर्भ गेल्याचं सांगून गोळ्या दिल्या गेल्या, क्युरेटिंगची तारीखही ठरली. तिच्या मनाला पटलं नाही. गोळ्या न घेता ती आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेली, तिथल्या मशीनवर ठोके दिसले आणि मार्च २०१० मध्ये तिला मुलगा झाला. ही गोष्ट जूनमध्ये बाहेर आल्यावर देशभर चौकशी झाली. २०११ च्या अहवालात अशी २४ प्रकरणं नोंदवली गेली. आपल्याकडे असा अहवाल कुणी काढलेला माझ्या पाहण्यात नाही. आपली सोनोग्राफीवरची सगळी नजर गर्भलिंगनिदानाकडे, आणि त्याला कारणही आहे. त्याविरुद्ध १९८८ मध्ये देशात पहिला कायदा महाराष्ट्रानं केला. गर्भवतीच्या सोनोग्राफीच्या वेळी भरायच्या फॉर्म एफमधला रकाना कोरा राहिला तरी गुन्हा, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये कायम ठेवलं. पिशवी तिन्ही दिशांनी मोजली की एकाच, हे मात्र कुठल्याच तपासणी पथकाच्या यादीत नसतं.

थांबण्याच्या बाजूचा खरा युक्तिवाद साधा आहे. गर्भ खरोखर गेलेला असेल आणि आपण आठवडाभर थांबलो, तर त्रास होतो, पण बहुधा नुकसान होत नाही. गर्भ जिवंत असेल आणि आपण थांबलो नाही, तर ते भरून येत नाही. दोन चुका सारख्या वजनाच्या नाहीत, म्हणून कसोटीही एका बाजूला झुकती ठेवायची.

याला अपवाद एकच, आणि तो जिवावरचा आहे. गर्भ नळीत असेल तर थांबणं धोक्याचं. गर्भाशयात पिशवी नक्की दिसली आहे का, हा म्हणून पहिला प्रश्न. एका बाजूला कळा, घेरी, खांद्याच्या टोकाशी दुखणं, खूप रक्तस्राव यांपैकी काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता, रात्री-अपरात्रीही सिव्हिल किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठायचं. पण उलटी घाईही झालेली आहे. रक्तातलं एचसीजी, म्हणजे गर्भधारणेचं संप्रेरक, दोन हजारांच्या वर आणि गर्भाशयात काही दिसत नाही, एवढ्यावर नळीतला गर्भ समजून त्याची वाढ थांबवणारं मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन दिलं गेलं आणि नंतर गर्भ गर्भाशयातच निघाला, अशा घटना डूबिले यांच्या निबंधात मुद्दाम नोंदवल्या आहेत. प्रकृती स्थिर असेल तर एचसीजीच्या एकाच आकड्यावरून हा निर्णय करू नये, असं त्यांचं म्हणणं.

आता ते आठ-दहा दिवस. आपल्याकडे तिसरा महिना संपेपर्यंत कुणाला सांगत नाहीत. म्हणून ज्या दिवसांत सोबत हवी, त्याच दिवसांत घरात दोघा-तिघांपलीकडे कुणाला काही माहीत नसतं. त्या दोघा-तिघांत एक जण विचारतोच: पपई खाल्ली होतीस का, पाण्याची घागर उचललीस का, उन्हातून कशाला गेलीस. याचं उत्तर तिच्या वतीनं नवऱ्यानं द्यावं. पहिल्या तीन महिन्यांत जाणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गुणसूत्रांच्या दोषामुळे जातात आणि तो दोष बीजफलनाच्या वेळीच ठरलेला असतो. निजून राहिल्यानं गर्भ टिकतो याला पुरावा नाही. तिनं विड्या वळल्या, स्वयंपाक केला तरी सोनोग्राफीचा निकाल बदलत नाही. वाट पाहताना प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या सर्रास दिल्या जातात. ब्रिटनमध्ये रक्तस्राव होत असलेल्या ४१५३ गर्भवतींवर झालेल्या २०१९ च्या चाचणीत प्रोजेस्टेरॉन घेणाऱ्या ७५ टक्के जणींना मूल झालं, न घेणाऱ्या ७२ टक्के जणींना. आधी गर्भपात झालेल्यांना थोडा फायदा दिसला, बाकीच्यांना ठोस नाही.

खोटी आशाही द्यायला नको. बोर्न यांच्या अभ्यासातल्या त्या १०६० जणींपैकी ४७३ गर्भ पुढे वाढले, ५८७ नाही. म्हणजे ‘परत या’ ऐकून गेलेल्या निम्म्याहून जास्त जणींना दुसऱ्या वेळी वाईटच ऐकावं लागलं. ते ऐकल्यावरचं दुःख हलकं नसतं. लंडनच्या याच गटानं २०२० मध्ये छापलेल्या अभ्यासात लवकर गर्भ गमावलेल्या २९ टक्के स्त्रियांत महिन्यानंतर आघातोत्तर तणावाची लक्षणं होती आणि नऊ महिन्यांनंतरही १८ टक्के जणींत ती टिकून होती. शेवट गोड झालेल्या जणींनाही पहिल्या निकालानं दिलेली धास्ती लगेच सोडत नाही. पुढच्या प्रत्येक सोनोग्राफीला टेबलावर झोपताना ती हजर असते. डॉक्टरांनी हे ओळखून स्क्रीन तिच्याकडे वळवावी, आधी ठोके दाखवावेत, बाकीची मापं नंतर घ्यावीत.

राहिला प्रश्न दुसऱ्या खेपेचा. करमाळ्याहून किंवा अक्कलकोटहून सोलापूरला यायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी, एसटीचं भाडं आणि सोबत कुणीतरी. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीला गेलेली बाई दहा दिवसांनी कुठल्या फडावर असेल, हे तिलाही सांगता येत नाही. ‘ती परत येणार नाही, आजच करून टाकू’ हा विचार डॉक्टरांच्या मनात इथूनच येतो आणि तो दुष्टपणाचा नसतो. पण दुसरी तपासणी त्याच खोलीत व्हायला हवी असं कुठे आहे? ब्रिटनचं मार्गदर्शन इतकंच सांगतं की आतून पाहिलं असेल तर निदान सात दिवसांनी आणि पोटावरूनच पाहिलं असेल तर निदान चौदा दिवसांनी पुन्हा पाहा. हे तालुक्याच्या नोंदणीकृत केंद्रातही होतं. त्यासाठी पहिल्या कागदावर पिशवीची मिलिमीटरमधली मापं, योक सॅक दिसलं की नाही, आतून पाहिलं की पोटावरून, आणि पुढची तारीख एवढं लिहिलेलं हवं, आणि तो कागद दवाखान्याच्या फाइलमध्ये न राहता तिच्या पिशवीत हवा. मागितल्यावर ७२ तासांच्या आत रुग्णाला कागदपत्रं द्यायची, असं डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत आहे. सोनोग्राफीचा कागद तर त्याच दिवशी, तिथल्या तिथे मागून घ्यावा.