मोटारसायकलची पेट्रोल टाकी : गंजापासून रक्षण

गोव्यात मोटारसायकल हे केवळ हौसेचे वाहन नव्हे. पुढच्या पिवळ्या मडगार्डावरून ओळखला जाणारा ‘पायलट’ बसस्थानकावरून किंवा फेरीधक्क्यावरून प्रवाशांना घरापर्यंत पोहोचवितो व त्यावरच त्याचा संसार चालतो. मासळीची पेटी मागे बांधून गावोगाव फिरणाऱ्या विक्रेत्याची स्थितीही तीच. अशा वाहनाची पेट्रोल टाकी गंजून तिला सुईच्या अग्राएवढे छिद्र पडले, तरी तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकू लागते. त्यात रोजंदारी बुडते, आणि क्वचित प्रसंगी जीवही धोक्यात येतो. म्हणून टाकीची निगा हा केवळ सौंदर्याचा प्रश्न मानता येत नाही.

टाकीचा पत्रा उघडा पडण्याचे प्रसंग मुख्यतः दोन. जुना रंग खरवडून काढल्यानंतर नवा रंग देण्यास विलंब होतो, हा पहिला. दुसरा अलीकडच्या आवडीचा. जुन्या मोटारसायकली नव्याने सजविताना काही तरुण टाकीचा रंग मुद्दाम काढून टाकतात व पोलादाची चकाकी तशीच ठेवू इच्छितात. दोन्ही प्रसंगी एक गोष्ट विसरली जाते. टाकीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असतो आणि त्याचे खरे कवच रंग हेच असते.

गंज का चढतो?

लोखंड, पाणी आणि प्राणवायू ही तिन्ही एकत्र आली की गंज तयार होतो. यासाठी पाऊसच पडावा लागतो असे नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारणतः ६० टक्क्यांच्या वर गेली की डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पातळ थर पत्र्यावर बसतो व गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि पावसाळ्यात आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांहून अधिक असते. त्यात समुद्राच्या वाऱ्याबरोबर येणारे क्षार, मासळीच्या पेटीतून ठिबकणारे खारट पाणी आणि हातांचा घाम यांची भर पडते. मीठ ओलावा धरून ठेवते आणि गंजाला वेग देते. म्हणूनच सायंकाळी घासून लखलखीत केलेल्या टाकीवर दुसऱ्या दिवशी सकाळी तांबूस झाक दिसते.

ॲल्युमिनियमवर बसणारा ऑक्साइडचा थर घट्ट असतो व तो आतील धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र असतो. तो मूळ धातूपेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, फुगतो, सुटून पडतो आणि खालचा नवा पत्रा हवेला उघडा करतो. त्यामुळे गंज एकदा लागला की आपोआप थांबत नाही.

दिल्लीतील मेहरौली येथील लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षे उघड्यावर उभा असूनही फारसा गंजलेला नाही, याचे अनेकांना कुतूहल वाटते. कानपूरच्या आयआयटीतील धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात याचे कारण स्पष्ट केले. त्या लोखंडात स्फुरदाचे प्रमाण अधिक आहे व त्यामुळे पृष्ठभागावर फॉस्फेटचा पातळ, संरक्षक थर निर्माण झाला आहे. आजच्या पत्र्यात स्फुरद अत्यल्प असल्याने तो लाभ आपसूक मिळत नाही. मात्र फॉस्फोरिक आम्लयुक्त गंजनाशक वापरल्याने पत्र्यावर अशाच प्रकारचा फॉस्फेटचा थर काही अंशी तयार होतो. रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या अनेक गंजनाशक द्रवांचे कार्य या तत्त्वावर चालते. हा थर अतिशय पातळ असल्याने तो रंगाची जागा घेऊ शकत नाही, हे लक्षात ठेवावे.

प्रथम सुरक्षितता

काम सुरू करण्यापूर्वी टाकी वाहनावरून उतरवून संपूर्ण रिकामी करावी. रिकामी टाकी निर्धोक असते हा समज चुकीचा व घातक आहे. पेट्रोल उरले नाही तरी त्याची वाफ आत राहते, आणि हवेत मिसळलेली ही वाफ एका ठिणगीने स्फोट घडवू शकते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते व दूरच्या चुलीपर्यंतही पोहोचते. म्हणून काम मोकळ्या हवेत, विस्तवापासून दूर करावे. छिद्र पडलेल्या टाकीला घरच्या घरी वेल्डिंग वा डाग देण्याचा प्रयत्न कदापि करू नये. हे काम टाकी वाफमुक्त करण्याची रीत जाणणाऱ्या कारागिराकडेच सोपवावे.

बाहेरून रक्षण

या कामासाठी कोरडा, उन्हाचा दिवस निवडावा. टाकीची तोंडे बंद करून जुना रंग व गंज पॉलिश पेपरने घासून काढावा. खड्ड्यांत रुतलेला गंज राहिल्यास तेथे गंजनाशक द्रव लावावा, डब्यावर सांगितलेला अवधी पाळावा आणि नंतर सूचनेप्रमाणे आम्लाचा अंश पूर्ण काढून पत्रा ताबडतोब कोरडा करावा. यावेळी हातमोजे व चष्मा वापरणे अगत्याचे आहे. त्यानंतर थिनरने भिजविलेल्या स्वच्छ फडक्याने तेलकटपणा पुसून घ्यावा व पत्र्याला उघडा हात लावू नये. बोटांचे ठसेदेखील नंतर गंजाच्या रूपाने उमटतात.

पत्रा स्वच्छ झाल्यावर प्रायमरचा पहिला हात शक्यतो त्याच दिवशी द्यावा. साधा प्रायमर सच्छिद्र असतो. त्यातून ओलावा आत जातो, म्हणून नुसता प्रायमर मारून टाकी महिनोन्‌महिने ठेवणे व्यर्थ होय. हार्डनर मिसळून लावावयाचा इपॉक्सी प्रायमर ओलावा अधिक चांगला अडवितो. त्यावर रंग व शेवटी पारदर्शक लॅकर दिल्यास संरक्षण टिकाऊ होते. रंग देण्यास काही दिवस लागणार असतील तर पत्र्यावर तेलाचा वा मेणाचा पातळ थर द्यावा. तो रंगकामापूर्वी थिनरने पूर्णपणे काढून टाकणे मात्र आवश्यक आहे, अन्यथा रंग पत्र्याला धरत नाही.

पोलादाची चकाकीच हवी असेल तर पत्र्यावर थेट पारदर्शक लॅकर देता येते. तथापि गुळगुळीत घासलेल्या पत्र्यावर लॅकरची पकड कमी असते. एखादा ओरखडा उठला की ओलावा लॅकरखाली शिरतो व गंज धाग्यांसारखा आत पसरत जातो. टाकी भरताना सांडणाऱ्या पेट्रोलने साधे लॅकर मऊही पडते. म्हणून हार्डनरयुक्त लॅकर वापरावे, सांडलेले पेट्रोल लगेच पुसावे आणि पावसाळ्यात दर आठवड्याला टाकीची पाहणी करावी. रोज पावसात फिरणाऱ्या वाहनाला ही हौस परवडणारी नाही. नोंदणीपत्रात वाहनाच्या रंगाचीही नोंद असल्यामुळे रंग बदलण्यापूर्वी वाहतूक खात्याच्या कार्यालयात चौकशी करून घेणे इष्ट ठरेल.

आतून रक्षण

बाहेरची टाकी चकचकीत असली तरी छिद्र पुष्कळदा आतून पडते. अर्धवट भरलेल्या टाकीतील दमट हवा रात्री थंड होते व तिच्यातील पाणी पत्र्यावर साचते. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते व तेथेच पत्रा खाते. देशात २०२५ साली पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉल पाणी शोषून घेते. पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले की पाणी व इथेनॉल वेगळे होऊन दोन्ही तळाशी उतरतात.

यावर उपाय सोपे आहेत. वाहन बरेच दिवस उभे राहणार असेल तर टाकी जवळजवळ भरून ठेवावी, म्हणजे दमट हवेला जागा उरत नाही. झाकणाचा रबरी वायसर फाटला असल्यास मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी बदलावा. पेट्रोल कॉक काढला की त्याच्या जाळीवर तांबूस कण आहेत का, हे पाहावे. असे कण म्हणजे आतील गंजाची पहिली सूचना होय. आतून लेप देण्याची वेळ आली तर तो इथेनॉल सहन करणारा असल्याची खात्री करून घ्यावी.

एक कोरडा दिवस, थोडा प्रायमर आणि एक नवा वायसर एवढ्यावर टाकीचे आयुष्य अनेक वर्षांनी वाढू शकते. ही कामे पावसाळ्यापूर्वी उरकणे हेच वाहनधारकाच्या हिताचे आहे.