वर्गातलं व्याकरण : ढिगातलं नेमकं बोंड

मागच्या आठवड्यात तिसरीच्या मुलांनी नामं गोळा केली, आता विशेषणं. नामाबद्दल विशेष माहिती सांगणारा शब्द ही व्याख्या मुलं एका दमात म्हणून दाखवतात, आणि वाक्यातलं विशेषण ओळखा म्हटलं की खिडकीबाहेर बघू लागतात. त्या विशेष माहितीवाचून त्यांचं कधी अडलेलंच नसतं. तेव्हा आधी त्यांना अडवायचं.

मारिया मॉन्टेसरींच्या पद्धतीत असा एक खेळ आहे. निरनिराळ्या रंगांचे, लहानमोठे त्रिकोण पसरायचे आणि म्हणायचं, ‘त्रिकोण आण.’ मूल आणतं. ‘हा नको, लाल हवा.’ पुन्हा आणतं. ‘लाल, पण मोठा.’ विशेषण वाढेल तसे त्रिकोण गळत जातात आणि शेवटी एकच उरतो. अकोल्याच्या खेड्यातल्या शाळेला त्यासाठी लाकडी संच विकत घ्यायची गरज नाही. ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालवाडी सुरू केली, तेव्हा शिंपले, बिया अशा आसपासच्या वस्तूंनाच साधनं केलं. आपल्याकडे पऱ्हाटी आहे!

वेचणीच्या दिवसांत मुलांना जे सापडेल ते आणू द्या. हिरवं बोंड, फुटलेलं बोंड, किडकं बोंड, मूठभर कापूस, सरकी, वाळक्या काड्या, वाटेतले दगड. सगळं सतरंजीवर ओतायचं. एकाच झाडात तिन्ही लिंगं आयती मिळतात: पांढरा कापूस, वाळकी काडी, हिरवं बोंड. ‘पांढरा’ सरकीपाशी ‘पांढरी’ होतो, ‘मऊ’ मात्र कुठेही मऊच राहतो. बदलणारी विशेषणं एका डब्यात, न बदलणारी दुसऱ्यात, अशा चिठ्ठ्या मुलंच टाकतात. आकारान्त विशेषणं बदलतात हा नियम डबा भरता भरता एखादी पोरगी स्वतःच सांगते. आपण घाई करू नये.

मग हुकूम सोडायचे. ‘काळ्या दगडावर पांढरा कापूस ठेव.’ ‘मोठ्या बोंडाखाली लहान काडी सरकव.’ सामान्यरूप हा शब्दही न काढता ‘काळा’चं ‘काळ्या’ हातातून जातं. एखादा ‘काया दगड’ म्हणाला तर खेळ थांबवून त्याला दुरुस्त करू नका. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो, पण काया दगड, कायी माती, कायं बोंड यात लिंगाचा मेळ चोख आहे, आणि आजचा पाठ तेवढाच आहे. ‘ळ’ लिहिताना येईलच.

हुकूम सोडायची पाळी मुलांवर आली की मात्र हात पाठीमागे बांधायला लावा. नाहीतर ती बोट दाखवून ‘ते बोंड दे’ म्हणतात आणि सुटतात. गंमत म्हणजे ते ‘ते’ही विशेषणच, सार्वनामिक! त्याच्याकडे पुढच्या भागात वळू.