सात पाळ्यांचा दिवस

पहाटे ४. 'आयएनएस विशाखापट्टणम'च्या ब्रिजवर पाळी बदलते. नवी माणसं थोडी आधीच येऊन थांबतात, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो. या विनाशिकेची लांबी १६३ मीटर, वजन सुमारे ७,४०० टन.

सकाळी ८. उजेडात तिचा आकार दिसतो. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली ही नौका २१ नोव्हेंबर २०२१ रोजी नौदलात दाखल झाली. बाजू आणि वरचं बांधकाम तिरपं, कारण रडारच्या लहरी आल्या वाटेने परतल्या नाहीत तर शत्रूच्या पडद्यावर ती छोटी दिसते. तिचं स्वतःचं मुख्य रडार मात्र गरगर फिरत नाही. डोलकाठीच्या चारही बाजूंना बसवलेल्या चार स्थिर पाट्या एकाच वेळी सगळ्या दिशांना पाहतात.

सकाळी १०. आगीची कवायत. श्वसनयंत्रं चढवून, पाण्याचे पाइप ओढत माणसं अरुंद जिन्यांतून उतरतात. चार गॅस टर्बाइन, इंधन, दारूगोळा आणि तीनशेच्या आसपास माणसं एकाच पोलादी पोटात असतात, आणि समुद्रात अग्निशमन दल बोलावता येत नाही. माझ्या मते नौकेची खरी ताकद याच तासाला कळते.

दुपारी १२. जेवण, पाळीपाळीने.

दुपारी ४. इथून चार तासांच्या पाळीचे दोन तुकडे होतात, ४ ते ६ आणि ६ ते ८. दिवसाच्या पाळ्या त्यामुळे सात, म्हणजे विषम होतात आणि मध्यरात्रीची पाळी रोज त्याच माणसांच्या वाट्याला येत नाही. जुना, न्याय्य रिवाज आहे हा.

संध्याकाळी ६. ऑप्स रूममध्ये रडार आणि सोनारची माहिती एकाच चित्रात जुळते. १६ ब्रह्मोस क्षेपणास्त्रं दूरवर मारा करण्यासाठी, ३२ बराक-८ अंगावर येणारं विमान किंवा क्षेपणास्त्र पाडण्यासाठी. पण आधी पडद्यावरचा ठिपका कोणाचा, हे ओळखावं लागतं.

रात्री ८ ते १२. १७ जानेवारी २०२४ रोजी याच पाळीत, ११ वाजून ११ मिनिटांनी, एडनच्या आखातात 'जेन्को पिकार्डी' या मालवाहू जहाजावर ड्रोन आदळला. जहाजावर २२ खलाशी होते, त्यांतले ९ भारतीय. मदतीची हाक ऐकून 'विशाखापट्टणम' साडेबारा वाजता तिथे पोहोचली. सगळे खलाशी सुखरूप होते. पहाटे तिच्यावरचे स्फोटकतज्ज्ञ जहाजावर चढले, त्यांनी फुटलेला भाग तपासला आणि पुढच्या प्रवासाला हिरवा कंदील दिला.