मानेवरचा वाटा

कापसाची बंडी भरत असते तेव्हा जाणता माणूस कापसाकडे पाहत नाही, बैलांच्या मानेकडे पाहतो. बाभुळगाव तालुक्यात, यवतमाळ–धामणगाव रस्त्यापासून आत शिरलेल्या कुठल्याही पांदणीवर हंगामात हे दृश्य दिसायचं. एखादा पोरगा बंडीवर चढून गाठोडी रचतोय, सोयीचं म्हणून सगळी मागंच टाकतोय. बघता बघता जू मानेवरून अधांतरी उचललं जातं, जोतं बैलांच्या गळ्याला खालून रुततात, आणि खालून हाक येते, “अबे, मांगं लय झालं! समोर घे, बंडी उलाळ होते!” पोरगा दोन गाठोडी पुढे ओढतो. जू पुन्हा मानेवर टेकतं. बैल कान हलवतात. झालं.

‘उलाळ’ या एका शब्दात जड वाहनं ओढण्याचं निम्मं शास्त्र आहे. अमेरिकेत पिकअप गाडीच्या हौद्यात जोडलेला दहा टनी ट्रेलर असो, नाहीतर यवतमाळहून नागपूरकडे निघालेला अठरा-वीस चाकांचा ट्रेलर, त्यांना जोडणारा माणूस शेवटी तेच पाहतो जे बंडीजवळचा तो जाणता माणूस पाहत होता: ओढणाऱ्याच्या मानेवर किती?

हिशेब करून पाहू. समजा बंडी आणि माल मिळून ६०० किलो आणि आसापासून जूपर्यंत अंतर ३ मीटर. सगळ्या वजनाचा मध्य आसाच्या १० सेंटिमीटर पुढे असेल, तर मानेवर येतात फक्त २० किलो. तो मध्य ३० सेंटिमीटर पुढे गेला की ६० किलो. आणि आसाच्या १० सेंटिमीटर मागे गेला, तर जू तेवढ्याच जोरानं वर उसळतं. ती झाली उलाळ. म्हणजे वीतभर इकडे-तिकडे झालं की बैलांची चाल बदलते. मानेवर जास्त झालं तर बैल दबतात, फार कमी झालं तर बंडी चढावर मागे कलंडू पाहते. थोडं वजन मानेवर हवंच, पण थोडंच.

दोनचाकी बंडी हे एका अर्थी अर्धंच वाहन आहे. तिला पुढची चाकं नाहीत. त्यांची जागा बैलांनी घेतली आहे. पुढची चाकं नसलेला आणि तोंड ओढणाऱ्यावर टेकवणारा ट्रेलर असतो त्याला इंग्रजीत ‘सेमी-ट्रेलर’, म्हणजे अर्धा ट्रेलर म्हणतात. या नावाची गोष्ट १९१४ची. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात ऑगस्ट फ्रुहॉफ नावाचा एक लोहार होता, घोडागाड्या बांधायचा. सिब्ली नावाच्या लाकडाच्या व्यापाऱ्याला आपली होडी तळ्यापर्यंत न्यायची होती आणि ती ओढायला घोडा नव्हे, आपली फोर्ड मॉडेल टी मोटार लावायची होती. फ्रुहॉफनं मोटारीच्या पाठीवर तोंड टेकणारी गाडी बांधून दिली. सिब्लीनं मग लाकूड वाहायलाही तशीच मागवली. बैलांच्या जागी मोटार आली, एवढाच काय तो फरक. कल्पना आपल्या बंडीचीच.

पण मोटार आली तसा एक नवा प्रश्न आला. बैल वळला की जू त्याच्याबरोबर वळतं, धुरी वळते, दोर-जोतं हवी तेवढी ढील देतात. लोखंडाला ढील कशी द्यायची?

उत्तर बाभुळगावच्या कुठल्याही ट्रॅक्टरमागे पाहायला मिळतं. चारचाकी ट्रॉलीच्या पुढच्या आसावर वाकून पाहा. आस आणि हौदा यांच्या मध्ये एक आडवी लोखंडी कडी असते, एकावर एक बसलेल्या दोन कड्या आणि मध्ये धूळ खाऊन काळंशार झालेलं ग्रीस. दांडी जिकडे वळते तिकडे खालची कडी आसासकट फिरते, वरची कडी हौद्याला धरून जागच्या जागी राहते. मेकॅनिक याला ‘टर्न टेबल’ म्हणतात.

आता मुंबईच्या जुन्या व्हिक्टोरिया घोडागाड्या आठवा. टांगा दोन चाकांचा, त्याला या भानगडीची गरज नव्हती. व्हिक्टोरिया चार चाकांची, तेव्हा पुढचा आस वळायला हवा. म्हणून चार चाकांच्या घोडागाड्यांत गाडीच्या पोटाखाली एक आडवी गोल कडी बसवत. चार चाकं उभी, हे एक आडवं. ते जमिनीवर कधीच धावत नाही, तरी चाकच. म्हणून इंग्रजीत त्याला नाव पडलं ‘फिफ्थ व्हील’, पाचवं चाक. घोडागाड्या गेल्या, नाव मात्र ट्रकच्या पाठीवर चढून बसलं. आज ट्रेलरच्या धंद्यात ओढणाऱ्या भागाला ‘घोडा’ म्हणतात, आणि त्या घोड्याच्या पाठीवरच्या जाड लोखंडी तबकडीला ‘फिफ्थ व्हील’. घोडागाडीची आठवण भाषेत दोन्हीकडे शिल्लक राहिली, तीही एकमेकांना न विचारता.

ही तबकडी एकदा जवळून पाहावी. साधारण तीन फूट रुंद, आकार थेट घोड्याच्या नालेसारखा, मागच्या बाजूला उघडं तोंड. ट्रेलरच्या पुढच्या भागाच्या पोटाला एक सपाट पत्रा आणि त्यातून खाली लटकलेला एक पोलादी खुंटा: किंग पिन. सर्वत्र चालणाऱ्या मापात तिची मान जेमतेम दोन इंच जाड असते, ५०.८ मिलिमीटर. मानेखालचं डोकं मात्र सात सेंटिमीटरांहून थोडं जास्तच रुंद. मान बारीक, डोकं मोठं, यातच सगळी खुबी. चालक घोडा हळूहळू मागे घेतो. ट्रेलरचं तोंड ग्रीस लावलेल्या तबकडीवर चढतं, पिन नालेच्या तोंडातून आत घसरते आणि आतले जबडे ‘खाट्’ करून तिच्या मानेभोवती मिटतात. डोकं मानेपेक्षा जाड असल्यामुळे पिन वर निसटत नाही. अधिक जड ओझ्यासाठी साडेतीन इंची पिनही असते, पण चाळीस टनांचं धूड बहुधा या दोन इंची मानेवरच ओढलं जातं. जाणता चालक तेवढ्यावर भागवत नाही. ट्रेलरचे ब्रेक लावून ठेवतो, घोडा जरासा पुढे रेटून झटका देतो आणि मग उतरून बॅटरीच्या उजेडात वाकून पाहतो. जबडा खरंच मिटलाय की पिन त्याच्या वरच बसली आहे? ती वर बसली असेल तर पहिल्या खड्ड्यात ट्रेलर एकीकडे आणि घोडा एकीकडे.

तबकडी कुठे बसवायची यालाही महत्त्व आहे. ट्रॅक्टरचा हूक मागच्या चाकांच्याही मागे असतो. दोनचाकी ट्रॉलीत माल पुढे जास्त झाला की हूक दबतो आणि ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं. स्टिअरिंग फिरवलं तरी पुढची चाकं नीट ऐकत नाहीत. ट्रकची तबकडी मागच्या आसांच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे बसवतात, म्हणजे ओझं मागच्या आणि पुढच्या चाकांत वाटलं जातं. म्हणूनच हूकवर टाकायचं ओझं ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के धरतात, तर पाठीवर बसणाऱ्या जोडात ते १५ ते २५ टक्क्यांपर्यंत चालतं. जोड जितका चाकांच्या डोक्यावर, तितकी मान जास्त पेलते.

आता हंसाकडे येऊ. रस्त्याच्या कामावर पोकलेन घेऊन येणारा खोलगट ट्रेलर आपण पाहिलेला असतो. त्याचा मधला भाग जमिनीला टेकेल इतका खाली, आणि पुढे मात्र एक जाड बाक वर उचलून घोड्याच्या पाठीवर झेप घेतो. त्या बाकाला ‘गूजनेक’ म्हणतात, हंसाची मान. आपल्याकडच्या या मानेच्या टोकाला किंग पिनच असते. अमेरिकेतल्या शेतकऱ्याच्या तोंडी ‘गूजनेक’ म्हटलं की मात्र वेगळं चित्र उभं राहतं: पिकअपच्या हौद्याच्या तळाला, मागच्या आसाच्या वर, सव्वादोन इंचांहून किंचित मोठा एक पोलादी गोळा, आणि हंसाच्या मानेच्या टोकाला त्या गोळ्यावर बसणारी वाटी. गुरं, घोडे, गवताचे गठ्ठे तिथे असे वाहतात. त्याच पिकअपला राहण्याच्या मोठ्या ट्रेलरगाड्या जोडायच्या तर हौद्यात तबकडी बसवतात. मग एका घरात दोन ट्रेलर आले, एक गोळ्याचा आणि एक तबकडीचा, की प्रश्न पडतो: गोळ्यावर बसणारी मान तबकडीवर बसवता येईल का?

येते. मान हंसाचीच राहते, बदलायची ती चोच. मानेच्या टोकाची वाटी नळीसकट काढतात आणि तिच्या जागी सपाट पत्रा व किंग पिन असलेली दुसरी नळी बसवतात. ऐकायला सोपं. पण सांधा बदलला की तीन गोष्टी हलतात.

पहिली उंची. गोळा हौद्याच्या तळाला असतो, तर तबकडीचे जबडे त्याहून फूट-दीड फूट वर. जुन्याच लांबीची नळी ठेवली तर ट्रेलरचं तोंड आकाशाकडे, ओझं मागच्या आसावर, आणि पुन्हा तीच उलाळ. म्हणून नवी चोच आखूड हवी आणि ट्रेलर सपाट उभा राहायला हवा.

दुसरी गोष्ट वळण्याची. शाळेतला उखळीचा सांधा आठवतो ना, खांद्याचा आणि खुब्याचा? गोळा आणि वाटी म्हणजे तोच. वळा, वाका, डावी-उजवीकडे कला, त्याची कशाला ना नाही. ट्रेलरचं एक चाक नालीत उतरलं तरी पिकअप सरळ उभी राहू शकते. तबकडी बिजागरीच्या जातीची. पिनभोवती वळू देते, पुढे-मागे झुकू देते, पण बाजूला कलू द्यायला फारशी राजी नसते. उंच ओझ्याच्या ट्रेलरला हा हट्ट आधार देतो. पण उखळीच्या सांध्यासाठी बांधलेली मान तबकडीवर बसवली आणि खाचखळग्याच्या शेतात नेली, की जो पीळ पूर्वी सांध्यात विरून जायचा तो मानेच्या जोडांत शिरतो. म्हणून नव्या चोचीचा पत्रा पुरेसा रुंद आणि आडव्या पट्ट्यांनी भक्कम केलेला हवा. काही तबकड्या दोन्ही दिशांना झुकणाऱ्या असतात, त्या इथे जास्त बऱ्या.

तिसरी गोष्ट तरफेची, आणि ती उलट्या बदलात जास्त जाणवते. तबकडीच्या ट्रेलरला लांब नळी लावून ती खाली गोळ्यापर्यंत नेली, तर काय होतं? गंजलेला नट सुटत नाही तेव्हा मिस्त्री पान्याच्या दांड्यावर पाइप चढवतो. जोर तोच, लांबी वाढली, नट हलला. इथे नट म्हणजे ट्रेलरची चौकट. ब्रेक मारताना १,००० किलोचा रेटा आला आणि तो चौकटीपासून १० सेंटिमीटर खाली लागला, तर जो पीळ पडतो त्याच्या पाचपट पीळ ५० सेंटिमीटर खाली लागल्यावर पडतो. चौकटीचं पोलाद मात्र तेवढंच. म्हणूनच अशी लांब नळी लावली तर काही चौकट बनवणारे आपली हमी मागे घेतात.

साखळ्यांचंही ध्यान ठेवावं लागतं. गोळ्याच्या जोडाला दोन साखळ्या असतात, वाटी निसटलीच तर ट्रेलर धरून ठेवायला. चोच बदलली म्हणून त्या काढून टाकण्यात शहाणपण नाही. आपल्याकडे तर त्याआधी कायदाही आहे. कारखान्यानं ठरवलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करायला १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम मनाई करतं. वेल्डिंगच्या दुकानात दुपारभरात होणारं हे काम दुपारभराचं नाही, हे कायद्यालाही कळतं.

इतकं सगळं समजल्यावर वाटतं, बाभळीची चाकं घडवणाऱ्या सुतारापुढे हे कधी मांडलं असतं तर तो हसला असता. त्याच्या बंडीला वेगळ्या उंचीचे बैल आले तर? जोतं थोडी आवळा, थोडी सोडा. एक बैल खाचेत उतरला तर? दोर पीळ खातो. जड बंडी उतारावर रेटू लागली तर? धुरीवरचं माणूस पुढे-मागे सरकतं. लोखंडात जे तीन वेगळे प्रश्न होऊन बसले, ते त्यानं दोराच्या गाठीत सोडवून ठेवले होते. लोखंडाला दोराचा समजूतदारपणा शिकवायला गोळा, तबकडी, जबडे आणि ग्रीस लागलं. त्या बदल्यात चाळीस टन मिळाले, हेही खरं.

तरी एक गोष्ट दोन्हीकडे सारखी. जाणता ट्रेलरचालक तबकडी कोरडी पडू देत नाही, कारण सगळा भार आणि सगळं वळण तेवढ्याशा लोखंडातून जातं. आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी विदर्भात बैलांची खांदशेकणी होते. वर्षभर जू घासून राठ झालेल्या त्या जागेला तूप-हळद लावतात, पळसाच्या पानांनी शेकतात. धुरीला नाही, चाकाला नाही, हौद्याला नाही. जिथे जोड असतो, नेमकं तिथेच.