नाक आणि छाती : श्वासाची वाट एकच



सातारा जिल्ह्यातील एका कातकरी वस्तीवर आठ वर्षांची एक मुलगी हिवाळ्यात रात्ररात्र बसून काढत होती. आई म्हणाली, "ताई, सर्दी हिला बाराही महिने असते. तिचं काय एवढं?" खरे सांगते, मीही तसेच समजत होते. धाप लागली की पंप द्यायचा, शिंकांकडे दुर्लक्ष करायचे. तिसऱ्यांदा दवाखान्यात नेले तेव्हा छातीच्या डॉक्टरांनी विचारले, "नाकाचे औषध चालू आहे का?" मला उत्तर देता आले नाही.

नाकापासून फुप्फुसापर्यंत आतले अस्तर सलग असते. धूळ, परागकण, बुरशी यांच्या ॲलर्जीने नाक सुजते, तशा श्वासनळ्याही सुजतात. नाक चोंदले की मूल तोंडाने श्वास घेते. मग थंड, धुळीची हवा न गाळता छातीत जाते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने २००१ साली निघालेल्या 'एरिया' मार्गदर्शिकेने सांगितले : दमेकऱ्याचे नाक तपासा आणि जुनाट सर्दीवाल्याची छाती.

उपचार दोन्हीकडे लागतात. छातीसाठी सूज कमी करणारा पंप, बरे वाटले तरी रोज. लहान मुलांना स्पेसर लावून, नंतर चूळ भरून. नाकासाठी स्टिरॉइडचा फवारा, तोही रोज. पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. ॲलर्जीच्या गोळीने शिंका थांबतात, दमा आटोक्यात येत नाही. पंपाची 'सवय' लागत नाही. नावगाव नसलेली दम्याची पुडी मात्र घेऊ नये; अशा काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळले आहे. बोलताना वाक्य पुरे होत नसेल किंवा ओठ निळे पडले, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे.

डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय सुरू केले. पुढे वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले. आजही दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आधी थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती मोफत तपासतात.

आमची कातकरी भावंडे कोळसाभट्टीवर, वीटभट्टीवर राबतात. घरी चुलीचा धूर. औषधाने धूर हटत नाही. त्या मुलीची चूल आता दाराबाहेर आहे, पंप आणि फवारा दोन्ही चालू आहेत. ती रात्री आडवी झोपते आणि शाळेत जाते.

तिच्यासाठी प्रार्थना करा. आणि आपल्या मंडळीत कोणी बारमाही शिंकत असेल, तर त्याला एवढेच विचारा : "रात्री धाप लागते का?"