अठरा होलांचा चकवा

देवगिरीचा किल्ला चढलेल्या माणसाला वाट चुकवण्याची कला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. महाकोट, कालाकोट, मध्येच अंग मुरडणाऱ्या दरवाजांच्या वाटा, हत्तीने धडक देऊ नये म्हणून दारांवर ठोकलेले अणकुचीदार खिळे, कातळात खोदलेला खंदक आणि शेवटी ती अंधारी, काळोखी भुयारवाट. शत्रूला एकच अरुंद वाट ठेवायची आणि त्या वाटेवर त्याला गाठायचं, असा तो हिशेब.

नेमका उलटा हिशेब मांडला तर? समोर मोकळं रान ठेवायचं, जा हवं तिकडे म्हणायचं, आणि तरीही समोरचा अडकलाच पाहिजे! स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सेंट अँड्र्यूज गावाला लागून, अशी एक जागा आहे. गोल्फ खेळणारे तिला ओल्ड कोर्स म्हणतात.

खेळ थोडक्यात असा : ‘टी’वरून पहिला फटका मारायचा, ‘फेअरवे’च्या गवतावरून पुढे सरकायचं आणि ‘ग्रीन’च्या गुळगुळीत हिरवळीवरच्या भोकात चेंडू घालायचा. चांगल्या खेळाडूला त्यासाठी किती फटके लागावेत याचा ठरलेला आकडा म्हणजे ‘पार’. टीपासून भोकापर्यंतचा एक टप्पा म्हणजे ‘होल’; ओल्ड कोर्सवर अठरा होल मिळून पार ७२.

हे मैदान कुणा एकाने आखलेलं नाही, हे मला सर्वांत नवलाचं वाटतं. समुद्र मागे हटला, वाळूचे उंचवटे उरले, त्यावर खुरटं गवत आलं. अशा जमिनीत नांगर चालत नाही, म्हणून ती मेंढ्यांना, सशांना आणि खेळणाऱ्यांना मिळाली. वाऱ्यापासून आडोसा शोधत मेंढ्या जिथे अंग चेपून बसल्या तिथे खड्डे पडले आणि पुढे त्यांचेच बंकर, म्हणजे खेळाडूला अडवणारे वाळूचे खड्डे झाले, असं सांगतात. लोक इतके नादावले, की १४५७ साली राजा दुसरा जेम्स याच्या काळात गोल्फवर बंदी आली. तिरंदाजीचा सराव बुडतो ही तक्रार. बंदी टिकली नाही. १५५२ साली आर्चबिशप हॅमिल्टनच्या सनदेत या जमिनीवर खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क मान्य झाला. आजही मैदान सार्वजनिक आहे. जगातलं सर्वांत नामांकित गोल्फ मैदान रविवारी सहसा खेळासाठी बंद असतं आणि गावातली माणसं कुत्री घेऊन त्यावर फिरतात. आपल्याकडे गोल्फ म्हटलं की आधी कुंपण आणि पहारेकरी डोळ्यांपुढे येतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

अठरा हा आकडाही इथलाच. पूर्वी खेळाडू समुद्राकडच्या टोकापर्यंत अकरा होल खेळत जात आणि त्याच पट्ट्यावरून अकरा खेळत परत येत. १७६४ साली सुरुवातीच्या चार लहान होलांचे दोन केले. जाताना दोन कमी झाले, येतानाही दोन, आणि बाविसांचे अठरा उरले. पुढे जगाने तोच आकडा उचलला. पुण्यात येरवड्याच्या मैदानावरही अठराच. जाण्यायेण्याचा पट्टा एकच असल्यामुळे इथे सात ग्रीन जोडग्रीन आहेत. दुसऱ्या आणि सोळाव्या होलची हिरवळ एकच, तिसऱ्या-पंधराव्याची एकच, चौथ्या-चौदाव्याची एकच. बेरीज करून पाहा, दर वेळी अठरा!

आता पहिल्या टीवर उभे राहा. समोर पहिल्या आणि अठराव्या होलचा सामाईक फेअरवे, शंभर यार्डांहून जास्त रुंद. एकही बंकर नाही. चुकायला जागाच नाही असं वाटतं, आणि चूक खरोखरच दुसऱ्या फटक्यासाठी राखून ठेवलेली असते. ग्रीनला अगदी चिकटून स्विल्कन नावाचा ओढा वाहतो. भोकात रोवलेला झेंडा ग्रीनच्या पुढच्या बाजूला असला, की जपून मारलेला चेंडू ओढ्यात आणि बिनधास्त मारलेला ग्रीनच्या पार मागे.

दुसऱ्यापासून सातव्यापर्यंत एकच धडा वेगवेगळ्या तऱ्हेने येतो. उजवीकडे काटेरी गॉर्सची झुडपं, डावीकडे परतीच्या होलांचं ऐसपैस गवत. शहाणा माणूस डावीकडे मारतो. चेंडू सापडतो, जीव भांड्यात पडतो. मग मान वर करून पाहावं तर ग्रीन आणि आपण यांच्यामध्ये नेमका बंकर किंवा उंचवटा. उजवीकडे, झुडपांच्या काठाने धाडस केलेल्याला मात्र बऱ्याचदा ग्रीन मोकळं दिसतं. सुरक्षिततेची किंमत इथे चुकत नाही, फक्त एका फटक्याने उशिरा वसूल होते. आठ, नऊ, दहा हे टोकाचे होल त्या मानाने सौम्य. तिथे धावा गोळा कराव्यात तसे फटके वाचवून घ्यायचे असतात.

कारण पुढे अकरावा आहे. पावणेदोनशे यार्डांच्या आसपासचा, पार ३. ग्रीन मागून पुढे तीव्र उतरतं; समोर स्ट्रॅथ बंकर, डाव्या अंगाला हिल बंकर, पलीकडे ईडन नदीची खाडी आणि तिच्यावरून येणारा वारा. १९२१ च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत एकोणीस वर्षांचा अमेरिकन खेळाडू बॉबी जोन्स इथे बंकरात असा अडकला, की वैतागून त्याने डावच सोडला. तोच जोन्स १९२७ साली याच मैदानावर ओपन जिंकला. १९५८ साली गावाने त्याला मानद नागरिकत्व दिलं. त्याआधी हा मान मिळालेला अमेरिकन म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन. आज दहावा होल जोन्सच्या नावाने ओळखला जातो.

बाराव्याच्या टीवरून फेअरवे निर्मळ दिसतो. मारा बिनधास्त! पुढे जाऊन पाहिलं की मधोमध बंकरांची रांग, टीकडे पाठ करून बसलेली. हा खोडसाळपणा कुणी मुद्दाम केलेला नाही. एकोणिसाव्या शतकात हे मैदान दोन्ही दिशांनी खेळलं जाई, एकदा सुलटं, एकदा उलटं. उलट बाजूने येणाऱ्याला हे बंकर स्वच्छ दिसत. १८७० च्या सुमारास मैदानाची देखभाल करणाऱ्या ओल्ड टॉम मॉरिसने पहिल्या होलसाठी वेगळं ग्रीन केलं, हळूहळू आजची दिशा रूढ झाली आणि खड्डे जागच्या जागी राहिले.

अॅलिस्टर मॅकेन्झी नावाच्या माणसाला या लपलेल्या खड्ड्यांचं मर्म बरोबर उमगलं. तो डॉक्टर होता. बोअर युद्धात सैन्याबरोबर गेला असताना बोअर लोक आपले खंदक जमिनीच्या रंगारूपात कसे बेमालूम मिसळतात हे त्याने पाहिलं आणि पुढे ती विद्या गोल्फच्या मैदानांत उतरवली. ओल्ड कोर्सचा बंकरन् बंकर मोजून काढलेला त्याचा नकाशा १९२४ सालचा. पुढे बॉबी जोन्सबरोबर अमेरिकेतलं ऑगस्टा नॅशनल त्यानेच आखलं. युद्धातलं तंत्र खेळाच्या मैदानात कसं आलं, हा धागा गड पाहणाऱ्या माणसाला जवळचा वाटेल.

चौदावा सगळ्यांत लांबलचक. उजवीकडे भिंत, डावीकडे बिअर्डीज नावाचं बंकरांचं टोळकं, आणि दोन्ही चुकवून पुढे गेलात तर दुसऱ्या फटक्याच्या टप्प्यात ‘हेल’, म्हणजे साक्षात नरक. माणूसभर उंच भिंतीचा बंकर. १९९५ च्या ओपनमध्ये जॅक निकलससारख्या दिग्गजाला या एका होलवर दहा फटके लागले. सोळाव्यावर फेअरवेच्या मधोमध ‘प्रिन्सिपल्स नोज’, प्राचार्यांचं नाक! नाक आणि जुन्या रेल्वेमार्गाची हद्द यांतल्या चिंचोळ्या पट्ट्यात चेंडू टाकणाऱ्याला पुढचा फटका सोपा.

सतरावा, रोड होल. पार फक्त ४, लांबी ४९५ यार्ड. पहिला फटका मैदानाला लागून असलेल्या हॉटेलच्या आवारातल्या शेडवरून, आंधळेपणाने मारायचा. जितकं उजवीकडे, हॉटेलच्या हद्दीलगत जाल, तितकं ग्रीन खुलं होतं. डावीकडे पळालात तर पुढे रोड बंकर, खोल आणि उभ्या भिंतीचा. ग्रीन आडवं आणि अरुंद, त्यामागे डांबरी रस्ता आणि दगडी भिंत. रस्ता खेळाचाच भाग. चेंडू तिथे गेला तर तिथूनच मारायचा. १९७८ च्या ओपनमध्ये जपानच्या टॉमी नाकाजिमाने दोन फटक्यांत ग्रीन गाठलं, तिसरा हलका फटका भोकाकडे मारला, चेंडू उतारावरून घरंगळत रोड बंकरात. तिथून निघायला चार फटके, एकूण नऊ. याउलट २००० च्या ओपनमध्ये टायगर वूड्स चार दिवसांत एकदाही कुठल्याच बंकरात गेला नाही आणि आठ फटक्यांनी जिंकला.

अठराव्याला पुन्हा तोच प्रचंड फेअरवे, ओढ्यावरचा छोटा दगडी पूल, बंकर नाहीत. ग्रीनच्या पुढ्यात फक्त एक खोलगट भाग. १९७० च्या ओपनमध्ये डग सँडर्सला जिंकायला इथे जेमतेम तीन फुटांवरून चेंडू भोकात घालायचा होता. चेंडू भोकाच्या उजवीकडून निसटला, बरोबरी झाली, आणि दुसऱ्या दिवशीच्या अठरा होलांच्या फेरीत तो निकलसकडून एका फटक्याने हरला.